उफराटी पंगत

श्रीपती ओव्हाळांनी आकाशात पंगत बसलेली पाहिली ती भाद्रपद वद्य षष्ठीला, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास. त्याच क्षणी त्यांनी दुर्बिणीला टोपण लावून घरात यायला हवं होतं. पण ज्या माणसाने तळेगावच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी खात्यात काढली, तो एकदा पाहिलेली गोष्ट दुसऱ्यांदा पाहणार नाही, असं होत नाही. त्यांनी पुन्हा डोळा लावला. पंगत तिथंच होती.

दुर्बीण त्यांच्या मुलीने, यशोधराने, पाठवली होती. निवृत्तीनंतर श्रीपतींनी तपासणीचं काम घरातल्या घरात चालू ठेवलं होतं. भाकरीच्या कडेची जाडी सगळीकडे सारखी नाही, हे तिसऱ्यांदा ऐकल्यावर भागुबाईंनी पुण्याला फोन लावला आणि ह्यांना काहीतरी लांबचं बघायला दे, अशी लेकीकडे मागणी केली. आठवड्याने बंबासारखी जाड नळी घरी आली. तोंड आभाळाकडे करायचं आणि डोळा बाजूच्या भोकाला लावायचा. तिकोणा पेठेतल्या त्यांच्या परसात, कढीपत्ता आणि न्हाणी यांच्या मधोमध ती उभी राहिली. तोवर तिच्यातून त्यांनी फक्त चंद्र पाहिला होता, आणि चंद्र गोल असल्यामुळे त्याचं डोकं कुठलं नि पाय कुठले, हा प्रश्न आला नव्हता.

त्या संध्याकाळी पावसाने उघडीप दिली होती. पवनेच्या पाण्यापलीकडे डोंगराची काळी रेघ, आणि त्या रेघेच्या जरा वर एक पिवळट तारा. आदल्या दिवशी तो तिथं नव्हता. श्रीपतींनी नळी त्याच्यावर धरली, भोकाशेजारचा खटका फिरवला, आणि तारा पसरून लांबट टेबल झाला. टेबलाभोवती माणसं बसली होती. दिवे होते, ताटं होती, मधे पांढरी टोपी घातलेला एक जण वाढत होता. आणि सगळ्यांची डोकी खाली, पाय वर होते. उलटी लटकून ती माणसं निवांत जेवत होती, आणि कुणाच्याही ताटातलं शीत पडत नव्हतं. श्रीपतींनी वहीत नोंद केली: 'एकूण माणसे सोळा. वाढपी एक. स्थिती उलटी. सांडलवंड शून्य.' आठ वाजून पाच मिनिटांनी पंगत हळूहळू वर सरकत गेली आणि विझली.

दुसऱ्या कुणाला हे दिसलं असतं तर त्याने हात जोडले असते आणि विषय मिटला असता. श्रीपतींना ती सोय नव्हती. गावात भानामती, चकवा, मुंजा यांतलं काहीही निघालं, की ते बॅटरी घेऊन जायचे आणि ते नेमकं काय आहे ते सांगून यायचे. पिंपळावरचा मुंजा ही खताची फाटकी गोणी आहे, हे त्यांनी शिडी लावून सिद्ध केलं होतं, आणि गोणी खाली आणल्याबद्दल गावाने त्यांना अजून पुरतं माफ केलेलं नव्हतं. शिवाय पंधरवडा पितरांचा होता. घरोघर खीर-वड्यांची पानं आणि पत्र्यावर कावळ्यांची आराधना चाललेली. ओव्हाळांच्या घरात छप्पन्न सालापासून हा प्रकार बंद. 'मी श्राद्धपक्ष करणार नाही' हे बावीस प्रतिज्ञांत स्वच्छ लिहिलेलं आहे. श्राद्धपक्ष दुर्बिणीतून दिसल्यास काय करावं, याबद्दल मात्र त्यांत काही म्हटलेलं नाही.

त्यांनी ही गोष्ट फक्त भागुबाईंना सांगितली, तीही दबक्या आवाजात. भागुबाईंनी एकच विचारलं, की ते खात काय होते. बटाट्यासारखं काहीतरी, असं श्रीपती म्हणाले, आणि तेवढ्यात कुंपणापलीकडे चूळ भरण्याचा आवाज थांबला. शेजारचे गेणूआबा दिवसातून नऊ वेळा त्या कुंपणापाशी चूळ भरत, आणि गावातली निम्मी माहिती त्या नऊ चुळांमध्ये गोळा होई.

सकाळी दुधाच्या गाडीबरोबर बातमी गावभर झाली. श्रीपती वर्तमानपत्र घेऊन ओट्यावर बसले, तर गेणूआबा येऊन शेजारी टेकले आणि त्यांनी सगळ्या प्रकाराचा उलगडा करून टाकला. पितर जेवायला येतात हे तर पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. नुसतं कुठं बसतात तेवढं कळत नव्हतं. श्रीपतींनी विचारलं, की मग ते उलटे का?

"वरच्या लोकांची डोकी खालीच आसणार," गेणूआबा म्हणाले. "त्याबिगर त्यास्नी आपापलं घर कसं दिसायचं?"

श्रीपतींनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. वादातून अशी माघार त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच घेतली, आणि तीही गेणूआबांपुढे.

त्या संध्याकाळी परसात अकरा माणसं जमली. तारा बरोबर सात पंचवीसला उगवला. श्रीपतींनी नळी जुळवून दिली, ती एवढ्याच आशेने, की दुसऱ्या कुणाला तरी दुसरं काहीतरी दिसेल. पण पहिलाच डोळा गेणूआबांचा होता, आणि तो त्यांनी बराच वेळ काढला नाही. मग ते सावकाश बाजूला झाले आणि त्यांनी टोपीने नाक पुसलं. त्यांना त्यांचा बा दिसला होता. मिशांवरून ओळखला. पंचेचाळीस वर्षांनी दिसला, पण मिशा तशाच. त्यांच्या बायकोला, सरूबाईंना, सासू दिसली आणि सासूच्या ताटात गोड काही नाही हेही दिसलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिथी नसताना पुन्हा खीर घातली. उरलेल्यांनाही आपापली माणसं भेटली. सोळा खुर्च्यांवर त्या दोन-तीन दिवसांत सत्तावीस पूर्वज बसून गेले. श्रीपतींनी ही विसंगती निदर्शनास आणली, तेव्हा लोक म्हणाले, पाळीपाळीनं बसत असतील, गर्दी आहे.

कावळ्यांचा भाव उतरला. साक्षात माणूस जेवताना दिसत असता कावळ्याची मनधरणी कोण करतो? चौथ्या दिवशी श्रीपती अंघोळीहून आले तर दुर्बिणीच्या तिन्ही पायांपाशी नारळ ठेवलेले होते आणि नळीला हळदकुंकू लागलेलं होतं. भागुबाईंनी ओल्या फडक्याने ते पुसलं आणि नारळांची चटणी केली. श्रीपतींनी चटणी खाल्ली नाही. ज्या माणसाने गावाचा मुंजा उतरवला, त्याच्याच परसात गावाने सत्तावीस पितर बसवले होते, आणि ज्यांना कधी त्यांचं व्याख्यान ऐकायला वेळ झाला नव्हता ते लोक आता 'भाऊ, उद्या पण दाखवणार ना' असं आदराने विचारत होते. त्या आदराने त्यांची झोप उडाली.

शेवटी त्यांनी सरकारदरबारी जायचं ठरवलं. चौकीतल्या हवालदारांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. चोरी आहे का? नाही. मारामारी? नाही. कुणी पडलं, हरवलं? नाही, जेवतात. मग दखलपात्र असं त्यात काही दिसत नाही, असं त्यांचं मत पडलं. तरीसुद्धा जागेचा प्रश्न असेल तर तलाठी कार्यालयात विचारून बघा.

तलाठी अनघा मॅडमनी गट नंबर विचारला. श्रीपती म्हणाले, हवेत आहे. मॅडम म्हणाल्या, हवेच्या खाली कुणाची तरी जमीन असतेच. श्रीपती म्हणाले, खालची जमीन दिसत नाही, मधे डोंगराची सोंड येते. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"काका, हवेचा सातबारा निघत नाही."

पण बाई कामसू होत्या. अर्ज विषयाशिवाय घेता येत नाही म्हणून त्यांनी स्वतःच विषय घातला: 'आकाशात चालणाऱ्या विनापरवाना भोजनाबाबत'. विनापरवाना आहे हे कशावरून, अशी श्रीपतींनी तपासणी खात्याला शोभेल अशी शंका काढली. परवाना असता तर आपल्याकडे नोंद असती, असं मॅडमनी सांगितलं. यातही खोट काढता येत नव्हती. श्रीपती शिक्का मारलेली प्रत घेऊन एसटीत बसले आणि कामशेतपासून घरापर्यंत तिच्यातलं एकच वाक्य वाचत राहिले: 'अर्जदारास आकाशात माणसे जेवताना दिसतात.' शब्दन् शब्द खरा होता. आणि तरी आपण हे सही करून, तारखेसह, शासनाला कळवलं आहे, हे लक्षात येताच त्यांनी प्रत चार घड्या घालून आतल्या खिशात सारली.

तीन-चार दिवसांनी, चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, दारात एक गाडी थांबली. काळा शर्ट घातलेला पस्तिशीचा माणूस चिक्कीचे तीन डबे घेऊन उतरला. मावळातल्या माणसाला लोणावळ्याची चिक्की भेट देणं म्हणजे देवगडच्या माणसाला आंबा नेऊन देणं. पण घाबरलेला माणूस हाताला येईल ते उचलतो. त्याने आपलं नाव आदिनाथ सांगितलं. पाण्यापलीकडच्या नव्या रिसॉर्टचा तो मॅनेजर होता, आणि आल्या आल्या त्याने श्रीपतींचे पाय धरायचा प्रयत्न केला.

झालं होतं असं, की अर्ज वर गेला, वरून मंडल अधिकाऱ्याकडे आला, आणि तो भला माणूस कागद हातात घेऊन धरणाच्या काठाकाठाने विचारत निघाला, की इथं आकाशात कोण जेवतं. दहा ठिकाणी लोक हसले. अकराव्या ठिकाणी पहारेकऱ्याने बोट वर केलं.

मोठी क्रेन होती. क्रेनला टेबल टांगलेलं, टेबलाभोवती खुर्च्या, खुर्च्यांना पट्टे. पर्यटकांना बांधून दीडशे फूट वर न्यायचं आणि तिथं वाढायचं, अशी योजना होती. दसऱ्यापासून सुरू करायची होती, परवानगीचे कागद अजून फिरत होते, आणि पितृपक्षात गिऱ्हाईक नाही म्हणून सराव म्हणून नोकरचाकर आणि नातेवाईक यांनाच रोज वर बसवून जेवू घालत होते. तुम्हाला हे सगळं कसं कळलं साहेब, असं आदिनाथ पुन्हा पुन्हा विचारत होता. श्रीपतींना मात्र एकाच प्रश्नाने घेरलं होतं.

"पण तुम्ही त्यांना उलटं का बसवता?"

"उलटं?" आदिनाथ म्हणाला. "आम्ही सरळच बसवतो, साहेब."

श्रीपतींनी वही उघडून 'स्थिती उलटी' ही नोंद त्याच्यापुढे धरली. मग भागुबाई उठल्या, परसात गेल्या, दुर्बीण ओढून तिचं तोंड शेजारच्या ओट्याकडे केलं आणि डोळा लावला.

"आहो, गेणूआबा बी उलटेच हायेत की. उलटे बसून तंबाखू मळत्यात."

श्रीपतींनी स्वतः पाहिलं. गेणूआबा उलटे होते, ओटा उलटा होता, ओट्यावरची शेळी उलटी होती. असल्या दुर्बिणीत सगळंच उलटं दिसतं, हे तिच्या डब्यातल्या पुस्तिकेच्या चौथ्या पानावर छापलेलं होतं. फक्त ते पान चिनी भाषेत होतं. श्रीपतींना इतका आनंद झाला, की त्यांनी चिक्कीचा डबा तिथंच फोडला.

पण हा आनंद तास-दीड तासच टिकला. संध्याकाळी चावडीपुढे लोकांना गोळा करून त्यांनी क्रेन, पट्टे, भिंग, आरसा असं सगळं क्रमाने सांगितलं. लोकांनी मान डोलावली. मग सरपंच सारिकाताई म्हणाल्या, की क्रेन असेलही. पण तिच्यावर जेवायला नेमकं कोण येतं, हे क्रेनवाल्याला तरी कुठं ठाऊक असणार. गेणूआबांनी तर क्रेनचं स्वागतच केलं. आपल्या बाला म्हातारपणी चढण झेपत नव्हती, ही सोय बरी झाली, असं ते म्हणाले.

तेव्हा श्रीपतींनी शेवटचा उपाय काढला. आदिनाथने नाहीतरी जेवायला या म्हणून गळ घातलीच होती. ते चावडीच्या पायरीवर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "परवा अमावस्येला मी स्वतः वर जातोय. सातला सगळ्यांनी माझ्या परसात जमा. मी वरून निळा रुमाल हलवीन."

चावडीवर बसलेल्यांनी टोप्या काढून हातात घेतल्या. श्रीपतींना वाटलं, मुद्दा पोचला.

पुढचे दोन दिवस गाव त्यांच्याशी असं वागलं, की त्यांना विज्ञानाचा विजय झाल्याचा भास होऊ लागला. सरूबाईंनी अळूवड्या आणून दिल्या आणि डोळ्याला पदर लावला. मागच्या आळीतल्या ज्या संदेशशी गटाराच्या उतारावरून पाच वर्षं बोलणं नव्हतं, तो येऊन म्हणाला की झालं गेलं विसरून जा. मुलीला कळवलं का, असं तर सात जणांनी विचारलं. भागुबाईही बरोबर जाणार हे कळल्यावर गाव फार हळहळलं, पण दोघांनी एकदमच जावं यात पुण्य आहे, असंही काही बायकांचं म्हणणं पडलं. भागुबाईंचं कारण साधं होतं. ह्यांनी वर जाऊन जेवायचं आणि आपण खाली भाकरी थापायची, हे त्यांना मान्य नव्हतं.

सर्वपित्री अमावस्येला सव्वासातला श्रीपती आणि भागुबाई खुर्च्यांना करकचून बांधले गेले आणि वर निघाले. पाय लोंबकळत होते, खाली पाणी काळंभोर, आणि वारा भागुबाईंचा पदर शेजारच्या गृहस्थांच्या ताटात नेऊन घालत होता. श्रीपतींनी त्या गृहस्थांकडे पाहिलं आणि उचललेला घास परत ताटात ठेवला. पांढऱ्याशुभ्र, कानाकडे वळवलेल्या मिशा. क्षणभर, अगदी क्षणभरच, एकतीस वर्षांची तपासणी डळमळली. मग त्यांनी चौकशी केली. गृहस्थांचं नाव अंबाजी, आदिनाथचे सख्खे मामा, घोरावाडी स्टेशनाजवळ राहणारे, आणि भाचा फुकट जेवायला घालतो म्हणून दहा दिवस रोज वर येणारे. एवढं सांगून त्यांनी वाढप्याला हाक मारली आणि बटाट्यात आजही मीठ कमी आहे, अशी तक्रार केली.

साडेसातला श्रीपतींनी तिकोण्याच्या दिशेने निळा रुमाल हलवला. तो हलवायला ते पुढे झुकले, तेव्हा डाव्या पायातली चप्पल निसटून पाण्याकडे गेली. ते तिच्याकडे वाकून पाहत असतानाच क्रेनने एक आचका दिला, कण्हली आणि थांबली. खालून आदिनाथ कर्ण्यातून ओरडला, की तेलाची नळी फुटली आहे, घाबरू नका, गोड वाढायला घ्या.

पाऊण तासाने श्रीपतींच्या खिशातला फोन वाजला. यशोधरा होती. गावाकडून सारिकाताईंचा फोन आला होता, तुम्ही आणि आई गेलात म्हणून, असं तिने सांगितलं.

"गेलो नाही," श्रीपती म्हणाले. "अडकलोय."

"कुठं?"

"वर."

पलीकडे नुसता हुंदका आला. मग भागुबाईंनी फोन घेतला आणि लेकीला सांगितलं, की आम्ही जेवतोय, तू जेवलीस का. यशोधराने फोन ठेवला आणि, नंतर कळलं, त्याच पावली पुण्याहून गाडी काढली.

क्रेन उतरली तेव्हा साडेनऊ वाजले होते. आदिनाथने त्यांना स्वतः गाडीने घरी सोडलं. परसात गाव लोटलं होतं. सारिकाताईंनी सतरंज्या घातल्या होत्या, बायका सरूबाईंना धरून बसल्या होत्या, आणि दुर्बिणीपाशी एक दिवा लावलेला होता. पुढे समजलं, की सर्वांनी सगळं दुर्बिणीतून आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. श्रीपतभाऊ आणि भागुवैनी पितरांच्या पंगतीत उलटे जाऊन बसले, त्यांनी निळं फडकं हलवून निरोप घेतला, आणि मग त्यांची एक चप्पल सुटून सरळ वर स्वर्गाकडे गेली. त्यानंतर संशयाला जागा उरली नव्हती.

आता ते दोघं कढीपत्त्यापाशी उभे राहिलेले पाहून सगळ्यांच्या नजरा आधी त्यांच्या पायांकडे वळल्या. भुताचे पाय उलटे असतात. श्रीपतींचे पाय सरळ होते, पण चप्पल एकाच पायात होती, त्यामुळे निर्णय जरा लांबला. अखेर सरूबाईंनी येऊन भागुबाईंना चिमटा काढला, भागुबाईंनी त्यांना उलट चिमटा काढला, आणि दोघीही रडू लागल्या.

श्रीपतींनी घसा साफ केला. फुटलेली नळी, कर्णा, चप्पल खाली पडली ती उलट्या आरशामुळे वर जाताना कशी दिसली, हे सगळं मुद्देसूद सांगायची हीच वेळ होती. त्यांनी सुरुवातही केली. पण गेणूआबा गर्दीतून पुढे आले आणि त्यांचा हात धरून उभे राहिले. म्हातारबांचा हात गार होता.

"श्रीपतभाऊ, ते समदं ऱ्हाऊ द्या," ते हळूच म्हणाले. "मिशावाला भेटला का तुमाला? मी बघत हुतो. तुमच्या शेजारीच बसलाता."

श्रीपतींनी तोंड उघडलं. अंबाजी, घोरावाडी, आदिनाथचे मामा: सगळं जिभेवर तयार होतं. गेणूआबा त्यांच्याकडे पाहत होते.

"मिशावाले ना?" भागुबाई म्हणाल्या. "भेटले की. शेजारीच हुते. पोटभर जेवले. मीठ तेवढं कमी पडतंय म्हणाले."

श्रीपतींनी ते बोलणं मनात तीनदा तपासलं. त्यात खोटा शब्द एकही नव्हता.

गेणूआबा खाली पायरीवर बसले. थोडा वेळ त्यांनी टोपी हातात फिरवली, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर एक फार जुनी ओळख पटल्यासारखं हसू आलं.

"त्योच त्यो," ते म्हणाले. "आळणी खाल्लंच न्हाई कधी म्हाताऱ्यानं." आणि वळून सरूबाईंना म्हणाले, "तुला म्या दुपारीच सांगितलं हुतं, पानात मीठ कमी हाय म्हणून."

सरूबाईंनी पदर खोचला. त्या कुंपणाच्या फटीतून आपल्या घरी गेल्या. जरा वेळाने त्यांच्या पत्र्यावर मूठभर खडेमीठ पडल्याचा आवाज आला.